बोर्डावरचा साहेब

आमच्या ह्यांना सगळा बाजार वस्ताद म्हणतो. म्हणणाऱ्यांचं काय जातं? ऐकून ऐकून ह्यांचं डोकं चढतं आणि ते उतरवायला घरी मी बसलेय. बाजाराच्या तोंडाशी ह्यांचं सलून आहे. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि समोरची अख्खी भिंत गिऱ्हाइकांच्या फोटोंनी भरलेली. केस कापून झाले, मानेवरचे झटकून झाले, की हे गिऱ्हाइकाला दारातल्या उजेडात उभं करतात आणि फोटो काढतात. कापण्याआधीचा मात्र कधी नाही. "त्यात माझं काम कुठे दिसतं?" म्हणतात.

मी काही गल्ल्या पलीकडे प्राण्यांच्या निवाऱ्यात कामाला आहे. पिंजरे धुते, खायला घालते, दुपारी फाटकाशी बसते. शेजारणी नाकं मुरडतात. "माणसांना राहायला जागा नाही आणि कुत्र्यामांजरांचे लाड!" मी त्यांना म्हणते, बाई, एक दुपार माझ्या शेजारी स्टुलावर बसून बघ. फाटकाशी कोण येतं? पोरं येतात. कुणाची मांजर गच्चीवरून नाहीशी झालेली, कुणाचं पिल्लू बाबांनी "शेतावर सोडलं" म्हणून सांगितलेलं. घरातल्या मोठ्यांना वेळ नसतो, आणि त्या पोराच्या घशाखाली तर घास उतरत नाही. निवारा नसता तर ते पोर कुणाला विचारायला गेलं असतं? पोलिसांना?

तर ह्यांना निवाऱ्यात मीच आणलं. रस्त्यावरून उचललेल्या कुत्र्यांच्या केसांच्या इतक्या गाठी झालेल्या असतात की खाली कातडी सोलवटून निघते. आमच्या डॉक्टरीणबाईंना एकटीला ते उरकेना. सलून बंद असायचं त्या दिवशी हे मशीन घेऊन यायला लागले. खोटं कशाला बोलू, हात सोन्याचा आहे. गुरगुरणारं कुत्रंसुद्धा ह्यांच्यापुढे मवाळ व्हायचं.

आमच्या फाटकावर एक काचेचा बोर्ड आहे. आलेल्या प्रत्येक जनावराचा फोटो त्यावर लागतो. गाडीतून उतरलं रे उतरलं की पहिल्यांदा फोटो, मग बाकी सगळं, अशी आमची पद्धत होती. ह्यांना ते बघवेना. "अहो डॉक्टर, नोकरीच्या अर्जाला कुणी झोपेतून उठल्याचा फोटो लावतं का? माझा हात फिरू दे, मग काढा." डॉक्टरीणबाईंना पटलं. मलाही पटलं. आणि खरंच, चकाचक फोटो बघून लोक कुत्री घरी न्यायला लागले. ह्यांची छाती अशी फुगली की शर्टाची बटणं तुटायची तेवढी राहिली.

ती मुलगी बोर्डासमोर यायला लागली, तेव्हा मी नुकतीच लेकीकडून परतले होते. शाळा सुटल्यावर दप्तर पाठीवर घेऊन यायची. घर बदलताना सामानाच्या ट्रकमधून त्यांचं कुत्रं उडी मारून पळालं होतं. नाव झिपऱ्या.

"खूण काय गं त्याची?" मी विचारलं.

"केस. पिंगट केस. डोळ्यांवर येतात. केसांवरूनच कळतो तो."

मी बोर्डाकडे बोट दाखवलं. "यात असेल तर आहे. यात नाही तर आमच्याकडे नाही." आमचं काम असंच चालायचं. पोरांना एकटं आत सोडायचं नाही, आजार पसरतात, म्हणून बोर्ड.

रोज ती काचेला नाक लावून एकेक फोटो बघायची. एक फोटो होता करड्या, चपट्या अंगाच्या कुत्र्याचा. मान ताठ, गालफडं स्वच्छ. मी गावाला असताना आलेलं आणि ह्यांनी भादरलेलं. त्याच्याकडे बघून ती पहिल्यांदाच हसली. "मावशी, हा बघा, ऑफिसला निघालाय. साहेब!" मलाही हसू फुटलं. मी फोटोखाली "साहेब" असं लिहूनच टाकलं. पुढे रोज ती जाता जाता त्या फोटोला सलाम ठोकायची.

हरवलेलं जनावर आम्ही मालकाची वाट बघत ठेवतो. मुदत संपली की ज्याला हवं त्याला देतो. साहेबाची मुदत संपली आणि त्याला एक घर मिळालं. एक बाई आणि तिचा मुलगा. नवऱ्याची बदली लांब झालेली, आणि तेव्हापासून पोरगा तोंडातून शब्द काढीना. साहेब त्याच्या पायाशी जाऊन बसला, तर पोरगा म्हणाला, "हा चालेल." त्याच्या आईने पदराने डोळे पुसले. त्या दिवशी घरी येऊन मी ह्यांच्या हातांचं कौतुक केलं. आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

नंतरच्या आठवड्यात त्या मुलीचे वडील तिला केस कापायला ह्यांच्या सलूनमध्ये घेऊन गेले. ही कोण, हे ह्यांना ठाऊक नव्हतं. पुढचे केस डोळ्यांवर आलेले. ह्यांना खुर्चीतल्या पोरांशी गप्पा मारायची खोड आहे. म्हणाले, "काय गं, रस्ता दिसतो का तुला?"

"आमच्या झिपऱ्याचेपण असेच होते," ती म्हणाली. "पण विंचरायला घेतलं की कसा गप्प बसायचा! त्याला माहीत असायचं ना, विंचरलं की मग बाहेर न्यायचं. डाव्या कानाला तेवढं हात लावू द्यायचा नाही. लहानपणी कपाटाच्या दारात सापडला होता. मागून खाच आहे. केसांत कुणाला दिसत नाही, आम्हालाच माहीत."

ह्यांची कात्री हवेतच थांबली. ती खाच ह्यांनी बघितली होती. पिंगट केसांच्या गाठी काढताना खालून करडं अंग निघालं आणि डाव्या कानामागे ती खाच. तेव्हा ह्यांनी सगळ्यांना सांगितलंही होतं, काय शहाणं कुत्रं आहे, जागचं हललं नाही!

आता माणसाने काय करावं? कात्री खाली ठेवावी आणि सांगावं. पण सलूनमध्ये माणसं बसलेली, भिंतीवरून सगळे फोटो बघतायत. वस्तादांनी गुपचूप केस कापले. झालं म्हणून सांगितलं. पोरगी खुर्चीवरून उतरून दारातल्या उजेडात जाऊन उभी राहिली. "फोटो?"

"आज नको," हे म्हणाले.

संध्याकाळी ताटावर बसले आणि नुसता भात चिवडत राहिले. मी आपली चेष्टेने म्हटलं, "काय हो, कुणाचा कान कापलात की काय?"

माणूस एकदम ढसाढसा रडायला लागला. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना असं बघितलं नव्हतं. सगळं ऐकलं आणि आधी मी भडकले. नको नको ते बोलले. मग बोलता बोलता माझाच आवाज बसला. रोज दुपारी त्या लेकराला बोर्डाकडे बोट दाखवून परत कोण पाठवत होतं? मीच की! उठून आत जाऊन एकदा डॉक्टरीणबाईंना विचारलं असतं तर माझे पाय झिजले असते का?

"सांगायलाच हवं का गं?" हे हळूच म्हणाले. "कुत्रं चांगल्या घरात आहे. लहान आहे ती, विसरेल."

"विसरणारी असती तर रोज आली असती का?"

"मी कुठल्या तोंडाने सांगू?"

"ज्या तोंडाने फोटो नंतर काढा म्हणून सांगितलंत, त्याच!"

सकाळी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "नियमाने कुत्रं आता त्या मुलाचं आहे. त्याच्या आईने नाही म्हटलं तर मी जबरदस्ती करू शकत नाही." म्हणजे चूक आमची आणि हात पसरायचा त्या पोरापुढे.

आधी त्याच्याच घरी गेलो, वरच्या मजल्यावर. दार उघडताच साहेब समोर. ह्यांचे हात हुंगले आणि बाजूला झाला. पोरगा भिंतीला टेकून उभा. ह्यांनी एका दमात सांगून टाकलं. कारणं नाहीत, आढेवेढे नाहीत. "चूक माझी आहे," एवढं दोनदा म्हणाले.

बाई संतापली. संतापेल नाही तर काय! "किती दिवसांनी माझं पोर बोलायला लागलंय, आणि तुम्ही ते काढून न्यायला आलात? देताना डोळे मिटले होते का?" ह्यांनी मान वर केली नाही. मीही केली नाही. त्या जिन्यात धरणी दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं.

पोरगाच बोलला. "ती रोज यायची?"

"रोज," मी म्हटलं.

तो साहेबाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग आईला म्हणाला, "तिला येऊ दे. तो ठरवेल."

दुपारी मुलीच्या घरी गेलो. वडिलांना वाटलं, सलूनमध्ये काही विसरलं असेल ते द्यायला आलेत. हे तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, ओरडेल, ह्यांना बोचकारेल. बोचकारलं असतं तर ह्यांनाही बरं वाटलं असतं. ती तशीच उभी राहिली. तोंड पांढरं पडलेलं.

"साहेब?" ती म्हणाली.

"हो बाळा."

"मी त्याला हसले."

"तुला कसं कळणार गं?" तिचे वडील म्हणाले.

"मी रोज हसले. तो रोज माझ्याकडे बघत होता आणि मी हसले. मीच त्याला ओळखलं नाही." तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ह्यांनी "अगं चूक माझी, तुझी नाही, माझी," असं किती वेळा म्हटलं, पण पोर काही तोंड उघडं करीना. आमची लाज आम्ही तिच्या गळ्यात घातली होती, आणि ती लाज आता आमच्याकडे परत यायला तयार नव्हती.

संध्याकाळी सगळे त्या जिन्याशी जमलो. मुलगी वर यायला मागेना. म्हणाली, "तो आता मला ओळखणार नाही. मीही त्याला नाही ओळखलं." वडील समजूत घालत होते तेवढ्यात वरच्या मजल्यावर दार उघडलं. नखांचा खडखडाट झाला आणि करडं काहीतरी जिना उतरत, अर्धं घसरत खाली आलं. ते सरळ तिच्या अंगावर. ती खाली बसली. तो तिच्या तोंड झाकलेल्या हातांवरून जीभ फिरवत होता, हात बाजूला करायला नाक खुपसत होता. मग तिने डाव्या कानामागे बोट नेलं आणि भोकाड पसरलं. त्याने कान मागे घेतला नाही.

काही ठरवायचं राहिलंच नव्हतं. वर जिन्याच्या वळणावर पोरगा उभा होता. त्याच्या आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने झटकला आणि घरात निघून गेला. दार लागलं. मला वाटलं, संपलं. मुलीच्या वडिलांनी पट्टा लावला. आम्ही रस्त्यावर आलो.

तेवढ्यात पोरगा मागून पळत आला. हातात एक जुनं पायपुसणं. ते त्याने मुलीला दिलं नाही, ह्यांच्या हातात दिलं. ह्यांच्यावर तो रागावलाय, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"हे त्याला द्या," म्हणाला. "तो यावरच बसतो. गादी दिली तरी नाही. दिवसभर दाराकडे तोंड करून."

"बरं बाळा," हे म्हणाले.

"मला वाटायचं," पोरगा म्हणाला, "तो आमच्या घराची राखण करतोय."

आणि गेला. हे पायपुसणं हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, शिव्या देतोय, ह्यांना पत्ता नाही. मीच दंडाला धरून बाजूला ओढलं.

आता गाडीतून जनावर उतरलं की ह्यांनी आणलेल्या जुन्या फोनवर पहिल्यांदा फोटो निघतो, गाठींसकट, चिखलासकट. भादरल्यावर दुसरा. बोर्डावर दोन्ही शेजारी शेजारी लागतात. सलूनच्या भिंतीवरचे फोटो ह्यांनी उतरवले. तिथे रंगाचे चौकोन उमटलेत, ते रंगवू का म्हणून विचारलं तर नको म्हणाले. गिऱ्हाइकं अजून वस्ताद म्हणतात. हे ओ देत नाहीत.

मुलगी येते अधूनमधून झिपऱ्याला घेऊन. त्याचे केस पुन्हा वाढतायत. तो मुलगा मात्र अजून आमच्या फाटकाशी आलेला नाही. सुट्टीच्या दिवशी हे मशीन घेऊन येतात, आणि फाटक वाजलं की काम थांबवून बघतात.