पाटलानं दिलेलं उत्तर

डॉक्टरनं प्रश्न माझ्या बापाला विचारला आणि उत्तर पाटलानं दिलं.

चावडीच्या ओट्यावर खुर्ची. खुर्चीत पुण्याहून येणारा डॉक्टर, शेजारी लोडाला टेकून पाटील. बाप खाली, उन्हात, पोट धरून बसलेला. त्याच्या पोटात गाठ होती. ती आता बरी व्हायची नाही, हे डॉक्टरनं साऱ्या गावादेखत सांगितलं. गावाला चोरून सांगावं असं आमचं काहीच नसतं.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. पुढं झुकून म्हणाला, "धोंडिबा, पुढे तुला बोलता येणार नाही. तेव्हा कुठे राहायचं, पुण्याला न्यायचं की नाही, जवळ कोणी असावं, हे आत्ताच सांगून ठेव. संकोच करू नकोस."

बापानं वर बघितलं. डॉक्टरकडं नाही, पाटलाकडं.

पाटील हसला. "त्याला काय इचारताय डागदरसायेब? त्याला कसलं आलंय मन? भाकर मिळाली की झालं. गाव बघंल त्याचं. काय रं धोंड्या?"

"व्हय जी. मालक म्हनत्यात तसं."

माणसं हसली. डॉक्टरही हसला, "छान" म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. आपण विचारलं, असं त्याला खरंच वाटलं. मी बापाला काखेत धरून उठवलं.

घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना. प्रश्न चांगला होता. आमच्या वस्तीत तो आजवर कुणी कुणाला विचारला नव्हता. दुखणाईत माणूस आमच्यात नुसता पडून राहतो आणि मरतो. संध्याकाळी बापाच्या उशाशी बसून मी विचारलं, "बा, तुला काय वाटतंय? खरं सांग."

आढ्याकडं बघत तो म्हणाला, "मला दवाखान्यात नगं. हितंच ऱ्हाऊ दे. आन् जीव जाताना तू हात धर. लोकांची मरनं म्या गावोगाव पोचिवली. माज्या येळंला तू कुनाचं मरान घिऊन जाऊ नगंस."

गावात कुणी मेलं की सोयऱ्यांच्या गावी सांगावा न्यायचा, हे आमच्या घराण्याचं काम. ऊन असो, ताप असो, पायी जायचं. परक्याच्या अंगणाबाहेर उभं राहून ओरडायचं. बापानं उभा जन्म ते केलं होतं. आता त्यानं एवढंच मागितलं. मी हो म्हणालो. आईनं ऐकलं.

पुढं बापाला पाणीही गिळवेना. त्या सकाळी मी त्याचा हात धरून बसलो होतो, तेवढ्यात पाटलाचा गडी दाराबाहेर येऊन उभा राहिला. पाटलाची म्हातारी आई गेली होती.

"ताथवड्याला लेक दिल्याली हाय, पुनावळ्याला भाचा. सांगावा घिऊन नीघ."

"माजा बा चाललाय," मी म्हणालो. "दुसऱ्याला धाडा."

"पाळी तुमची हाय. तुजा बा काय आजच मरतोय?"

दुसरं होतं तरी कोण? वस्तीतले तरणे गडी भल्या पहाटेच पिंपरीकडं नव्या कारखान्याच्या बांधकामावर गेले होते. मी हललो नाही. तेव्हा बापानं डोळे उघडले.

"जा," म्हणाला.

"बा, तूच म्हनला व्हतास..."

"जा म्हनतो ना. नदीची वाट बंद करतील. पोरीबाळींनी पानी कुठनं आनावं?"

आणि त्यानं स्वतःच माझ्या हातातून आपला हात काढून घेतला. माझा बाप मरणाला भीत नव्हता. पाटलाला भीत होता.

ताथवड्यात अंगणाबाहेर उभा राहून मी ओरडलो. घरात रडारड झाली. जावयानं विचारलं, "जवळ कोन व्हतं?" हेही सांगायचं असतं. गड्यानं मला जे सांगितलं, तेच मी सांगितलं, "समदी व्हती. थोरल्याच्या मांडीवर डोकं व्हतं. म्हातारी जे जे म्हनली, ते समदं केलं." बोलता बोलता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

दारातली बाई म्हणाली, "बघा, गावचा म्हार बी रडतुया."

त्यांच्या म्हातारीसाठी रडतोय, असं वाटलं त्यांना. माझ्या पसरलेल्या धोतरात वरून भाकरी टाकली. ती मी तिथंच कुंपणावर ठेवली आणि निघालो. पुनावळ्याच्या फाट्यावर पाय अडले. सरळ जायचं होतं. मी मागं फिरलो आणि पळत सुटलो. जन्मात पहिल्यांदा गावाचं काम अर्ध्यावर टाकलं.

पोचलो तेव्हा आईनं त्याची हनुवटी बांधली होती.

"हातरुनावर हात चाचपत व्हता," ती म्हणाली. "म्या धरला तर सोडवून घेतला. तुजा हुडकत व्हता."

दुसऱ्या दिवशी चावडीवर बोलावणं आलं.

"पुनावळ्याचं मानूस मातीला आलं न्हाई," पाटील म्हणाला. "तुज्यामुळं."

"माजा बा मेला, पाटील."

"मग? आमी काय म्हनलं व्हतं, मर म्हनून?"

गावकामाची खूण म्हणून आमच्या घरात असलेली येसकराची काठी मी ओट्यावर ठेवली. "ह्याच्यापुढं मी कुनाचंच मरान पोचिवनार न्हाई." एवढंच बोललो.

नदीची वाट बंद झाली. बाप म्हणाला होता तसंच. आई लांबच्या ओढ्यावरून पाणी आणू लागली. वस्तीतल्या काहींनी मला शिव्या दिल्या. त्यांचंही काय चुकलं? तहान त्यांनाही होती.

डॉक्टर पुन्हा आला. खुर्चीतून म्हणाला, "धोंडिबाचं शेवटी त्यानं सांगितलं तसंच झालं ना?"

"त्यानं सांगितलंच न्हवतं, सायेब. तुमी पाटलाला इचारलं. इचारायचं आसंल तर वस्तीत या. खाली बसा."

तो पाटलाकडं बघून म्हणाला, "बघू." आला नाही.

नाही आला तर नाही. वस्तीतल्या सगुणाआत्याच्या थुंकीतून रक्त पडायला लागलं, तेव्हा मीच तिच्याकडं गेलो. तिच्या दिराला, सुनेला बाहेर काढलं. दार लोटलं.

"आत्या, तुला काय पायजे? शेवटाला कुठं, कुनाजवळ? मनात आसंल ते सांग."

ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "माज्या दिराला इचार बाबा. मला काय कळतंय?"

"दिराला न्हाई. तुला."

मी जमिनीवर मांडी घातली. ती बोलेपर्यंत मी उठणार नाही. आणि ती बोलली, की तिच्या शब्दाच्या आड दीर येवो, पाटील येवो नाहीतर सारं गाव येवो, त्यांनी आधी मला तुडवावं.