फिलूच्या लग्नातला टोस्ट

आता काय सांगू तुम्हाला! चहात टोस्ट बुडवताय ना, खुशाल बुडवा. फक्त त्या शब्दाचा अर्थ मला विचारू नका. एकदा सांगून बसलोय, अजून पस्तावतोय.

माझा शाळेपासूनचा मित्र इनास. पाचूबंदरला त्याची बोट आहे. त्याची मुलगी फिलू दहावीला इंग्रजीत नापास झाली, तेव्हा वर्षभर माझ्या घरी येऊन शिकली. मी एकच दम द्यायचो, "एकही धडा ऑप्शनला टाकायचा नाही!" पोरगी पास झाली. पुढे तिचं लग्न ठरलं, तेव्हा इनास म्हणाला, "वसंता, टोस्ट तूच उचलायचा. पोरीबद्दल दोन शब्द बोल, बस. जास्ती काय पन नको."

त्यांच्या ख्रिस्ती लग्नांत हा मोठा मान! सगळे ग्लास धरून उभे राहतात, एक जण नवरा-नवरीचं कौतुक करतो, मग ग्लास उंचावायचे. पण मी पडलो हाडाचा इंग्रजीचा मास्तर. दोन शब्दांत भागेल होय?

माईक हातात आला आणि मी सुटलोच. पूर्वी इंग्रज वाइनमध्ये भाजलेला पाव टाकायचे, तो टोस्ट. मग पेला उंचावणं, तेही टोस्ट. जिच्या नावाने प्यायचे ती सुंदरीसुद्धा टोस्ट! लोक हसले. मला चेव आला.

"आणि हल्लीच्या पोरांच्या भाषेत 'यू आर टोस्ट' म्हणजे, तुझा खेळ खलास!"

हे मी नवरदेवाकडे बोट दाखवून सांगितलं. त्याच्या मामाचा चेहरा बघायला हवा होता!

ग्लासातला बर्फ वितळला. पुढची एक म्हातारी कळवळली, "बाबा, हात भरून आला रे!" बँडवाल्याने विचारलं, "सर, वाजवू?"

"थांब! व्युत्पत्ती राहिलीय!"

शेवटी एकदाचे ग्लास उंचावले. मी छाती फुगवून खुर्चीत बसलो. बायको हळूच म्हणाली, "अहो, फिलूचं नाव घेतलंत का?"

एकदाही नाही हो! आणि पोरीने सासरी सांगून ठेवलेलं, माझे सर माझ्याबद्दल बोलणार आहेत म्हणून. इनास एका शब्दाने रागावला नाही, माझ्या ताटात मासे वाढत राहिला. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

निघताना फिलूपाशी गेलो. "फिलूबाय, चुकलं गं माझं."

ती हसली, पण डोळे भरले होते. "सर, एकही धडा ऑप्शनला टाकायचा नाही म्हणायचात ना? मग मलाच टाकलंत?"