पर्नेलची काठी

पर्नेल टॅपस्कॉट फेब्रुवारीत मेली नाही, हा तिच्या भाच्याच्या मते तिचा सगळ्यांत मोठा अपराध होता. बाकीचे अपराध जहागिरीच्या दप्तरात लिहिलेलेच होते. डुकराच्या नाकात कडी न घालता त्याला मोकळं सोडलं. शेजाऱ्याचं कुंपण चुलीत घातलं. भर कचेरीत बारा पंचांना 'बारा भोपळे' म्हटलं. त्या दिवशी दंड झाला तेव्हा तिने एवढंच विचारलं होतं, "भोपळ्यांनी हरकत घेतली का?"

थॉर्नकोममधलं तिचं घर आणि मागच्या शेताच्या चार पट्ट्या वडिलांकडून तिच्या नावावर आलेल्या. जमीन जहागीरदाराची, पर्नेल कूळ. आणि कूळ असल्याचा पुरावा म्हणजे दप्तरातून काढलेला उतारा. तो ती पिठाच्या पेटीत, पिठाच्या खाली ठेवायची. कूळ बदलायचं तर रीत ठरलेली होती. जुन्या कुळाने कचेरीत कारभाऱ्याच्या हातात काठी द्यायची, कारभाऱ्याने ती नव्या कुळाच्या हातात द्यायची. काठी गेली की घर गेलं. कूळ अंथरुणाला खिळलेलं असेल, तर इतर दोन कुळांनी घरी येऊन काठी घ्यायची आणि पुढच्या कचेरीत हजर करायची.

फेब्रुवारीत पर्नेल तापाने फणफणली, तेव्हा तिचा भाचा ओसमंड दोन कुळं घेऊनच दारात आला. एक वॅट ब्रॅग, ज्याला हातभर अंतरावरची गाय ढगासारखी दिसे. दुसरा हॅनिबल, ज्याने आल्या आल्या पर्नेलची बिअर शोधली. थंडी आत येऊ नये म्हणून खिडकीत पेंढा कोंबलेला, खोलीत मिट्ट काळोख.

"आत्या, तुझा जीव कशात अडकू नये म्हणून म्हणतो हो," ओसमंड गहिवरून म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, की काठी आणायचीच राहिली. "जाऊ दे. हाताला लागेल ते दे, आत्या. रिवाजापुरतं."

पर्नेलने अंथरुणाशेजारी चाचपडून काहीतरी उचललं आणि वॅटच्या हातात ठेवलं. "ओसमंडला," ती पुटपुटली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि म्हणाली, "माझी ठिपक्यांची कोंबडी कोणी कापली?"

कोंबडी ओसमंडची बायको टॅमसिन हिने कापली होती. ओसमंडचं बिअरचं पिंपही एव्हाना चुलीशेजारी येऊन बसलं होतं. "घर आता माझं, आत्या," तो म्हणाला. "पण तुला काही उघड्यावर टाकत नाही. वासरांच्या वरच्या माळ्यावर ऊब छान असते."

"मग वासरांना इथे झोपव," पर्नेल म्हणाली, "आणि तू जा वर."

एप्रिलमध्ये कचेरी भरली. पर्नेल आपलं लोकरी पांघरूण अंगावर घेऊन, पीठ लागलेला उतारा छातीशी धरून पुढच्या बाकावर बसली. आज हा निकाल उलटा गेला, तर रात्री माळ्याची शिडी चढायची होती, आणि तिचे गुडघे तीन पायऱ्यांतच रडायला लागत.

कारभारी मिस्टर पेनवॉर्डन यांनी लेखणी उचलली. "काठी हजर करा."

हॅनिबलने ऐटीत हेझलच्या झुडपाची एक काठी पुढे केली. "हीच ती. फेब्रुवारीपासून जिवापाड जपली."

पर्नेलने ती घेतली, नखाने साल खरवडली. रस निघाला. टोकाला एक इवलंसं हिरवंगार पान होतं.

"दोन महिने तुझ्या घरात होती?" ती म्हणाली. "हॅनिबल, माझ्या काठीने तुझ्याकडे अंग धरलं रे! मी दोन महिने राहिले असते तर मलाही पालवी फुटली असती."

बारा भोपळे एकदम हसले. कारभाऱ्याने मेजावर थाप मारली. "वॅट ब्रॅग! शपथेवर सांग. हीच का ती?"

वॅटने काठी नाकाशी नेऊन चाचपली. "नाही, साहेब. ती जरा... जाड होती. आणि ओली. वासही येत होता, पण मला वाटलं तो हॅनिबलचा."

"मग ती कुठे आहे?"

"मी तिथेच, पर्नेलच्या स्वयंपाकाच्या मेजावर ठेवली होती, साहेब."

"टॅमसिन, पोरी," पर्नेल अगदी मायेने म्हणाली, "त्या संध्याकाळी तू केलेला रस्सा कसा झाला होता गं?"

"कसा म्हणजे?" स्वयंपाकाचा विषय निघाला की टॅमसिनला राहवत नसे. "बोटं चाटत होते सगळे! कोंबडी होतीच, आणि मेजावर आयता एक मोठा लीक पडला होता, तोही चिरून—"

ओसमंडने डोळे मिटले.

लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा मनगटाएवढा थोरला भाऊ. पर्नेल तो हिवाळाभर वाळूच्या टोपलीत, अंथरुणाशेजारी ठेवायची, हे अख्ख्या थॉर्नकोमला माहीत होतं.

"पण रिवाजापुरतं काहीही चालतं!" ओसमंड ओरडला.

"चालतं की नाही ते आम्ही सांगू," पंचांपैकी सर्वांत म्हातारा म्हणाला. बाराजण खिडकीपाशी जाऊन कुजबुजले आणि पाव तासाने परतले. काठीने जमीन जाते. लीकने फक्त लीक जातो. आणि तो ओसमंडला पोचलेला आहे, वाडग्यातून. घर पर्नेलचं.

हे सगळं दप्तरात लॅटिनमध्ये लिहायचं होतं. लीकला लॅटिनमध्ये काय म्हणतात यावर कारभारी बराच वेळ अडले आणि शेवटी पाद्रीबुवांना बोलावणं धाडलं.

घरी जाताना वॅट पर्नेलचा हात धरून चालत होता. कोण कोणाला सांभाळतंय ते बघणाऱ्याला कळलं नसतं.

"खरं सांग, पर्नेल," तो म्हणाला. "तापाच्या भरात तुला ती काठीच वाटली ना?"

"ताप डोक्यात होता, वॅट. हातात नव्हता."

तिने दार ढकललं. ओसमंडचं पिंप अजून चुलीशेजारीच होतं, आणि निम्म्याहून जास्त भरलेलं होतं.

"ये आत," ती म्हणाली. "पेले फळीवर आहेत. आणि हाताला लागेल ते आणू नकोस, नीट चाचपून आण."