ऑपरेशननंतर काय झालं, हे विचारणारी डॉक्टर

माझ्या वडिलांची नसबंदी झाली आणि त्यानंतर मी जन्मले.

लिहून टाकलं. घरातल्या ज्यांना राग यायचाय, त्यांना येऊ दे.

आज डॉ. वत्सलाताई गेल्या. त्या नसत्या तर माझी आई जन्मभर बदफैली ठरली असती.

आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यात. एकाहत्तर-बाहत्तरचा सुमार. शाळेत नसबंदीचा कॅम्प लागला. जीप, भोंगा, मंडप.
आमच्या दादांचं, म्हणजे वडिलांचं, ऑपरेशन झालं. टार्गेट पुरं झालं म्हणून साहेब लोकांनी एकमेकांना हार घातले.
आणि मंडप उठला.

थोड्याच दिवसांत आईला दिवस गेले.

दादांनी एकच विचारलं, "कुणाचं हाय?"
"तुमचंच. दुसऱ्या कुणाचं आसंल?"
"माझं ऑपरेशन झालंय."

आजीनं आईचं बोचकं रस्त्यावर फेकलं. भर दिवसा, सगळ्या आळीदेखत.
माझ्या आधीची तिन्ही पोरं ठेवून घेतली.
आई एकटी माहेरी गेली, नेवाशाकडं. भावानं घरात घेतलं, पण तिच्याशी बोलायचं सोडलं.

तिची चूक काय? काहीही नाही.

नसबंदी झाली तरी पुरुषाच्या अंगात आधीचं बीज साधारण तीन महिने राहतं. तेवढे दिवस जपावं लागतं, मग तपासून खात्री करावी लागते.
हे डॉक्टरकीच्या पुस्तकात तेव्हाही छापलेलं होतं. कॅम्पवाल्या प्रत्येक डॉक्टरला माहीत होतं.
सांगायला कुणाला वेळ नव्हता. माणसं मोजायची होती ना!

वत्सलाताई आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात तेव्हा नव्या होत्या. त्या वरच्या साहेबांना म्हणाल्या, "कॅम्प झाला, पण माणसं कशी आहेत ते बघायला नको?"
साहेब म्हणाले, "रिपोर्ट चांगला गेलाय. आता उकरून काय काढायचंय तुम्हाला?"

ताईंनी उकरलं.
नर्सबाईंना घेऊन वाडी-वस्तीवर फिरल्या. प्रत्येक पुरुषाला एकच प्रश्न. "ऑपरेशन झाल्यावर तुम्हाला काय सांगितलं होतं?"
"सायकल चालवू नगा म्हनले."
"आणखी?"
"आनखी काय न्हाई."
घरोघर हेच उत्तर.

आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी बायको कुठंय विचारलं. आजी कडाडली, "तिचं नाव काढू नगा! नवऱ्याचं ऑपरेशन झाल्यावर पोटुशी ऱ्हायली ती."
ताई तिथंच ओट्यावर बसल्या आणि सगळं विचारून घेतलं. हे त्यांनीच मला पुढं सांगितलं. म्हणाल्या, "त्या महिन्यात ऐकलेली अशी ती पहिली बाई नव्हती गं."

एका वस्तीवर तर त्या पोचल्या, तेव्हा उशीर झाला होता. त्या बाईनं विहीर जवळ केली होती. बाळासकट.
तिचं नाव कुठल्या रिपोर्टात आहे? दाखवा मला.

दादा ऐकायला तयार नव्हते. "डाक्टर लोक काय बी सांगत्यात."
मग ताईंनी दुसऱ्या कॅम्पात नुकतंच ऑपरेशन झालेल्या पुरुषांना गाठलं. लाजत-काजत का होईना, काही जण तपासणीसाठी वीर्य द्यायला तयार झाले. ताईंनी दादांना दवाखान्यात बोलावून मायक्रोस्कोपसमोर बसवलं.
"हे ज्याचं आहे, त्याचं ऑपरेशन होऊन पंधरवडा झालाय. नाव सांगणार नाही. बघा."
दादांनी डोळा लावला.
"वळवळतंय की!"
"तुमच्या वेळी असंच होतं. तुमच्या बायकोनं काही केलेलं नाही. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही."

दादा म्हणे दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले.
रडा. माझी आई तोवर किती महिने रडली होती, त्याचं काय?

दादा तिला आणायला गेले, तर आई उठलीच नाही. "ज्यांच्यादेखत हाकललं, त्यांच्यादेखत बोला. मंग घरात येते."
सगळ्या आळीला बोलावलं. वत्सलाताई मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक हिची नाही. चूक आम्हा डॉक्टरांची आहे. मी हिची माफी मागते."
ऑपरेशन त्यांनी केलं नव्हतं. ज्यांनी केलं, ते साहेब आले नाहीत.

मग दादा बोलले, खाली मान घालून. आई घरात गेली. मी त्याच घरात जन्मले.
आजीनं मात्र मला शेवटपर्यंत "क्यांपाची" म्हणूनच हाक मारली.

ताईंनी आपल्या दवाखान्यात नियमच केला. ऑपरेशनच्या आधी नवरा-बायको दोघांना समोर बसवून समजावायचं. निरोध द्यायचे. तपासणीला परत बोलवायचं आणि नाही आला तर त्याच्या घरी जायचं. त्यांच्या हद्दीत पुन्हा एकही बाई यापायी घराबाहेर पडली नाही.
हे सगळं लिहून त्यांनी वर पाठवलं. उत्तर म्हणून ट्रान्सफर आली. कारण काय, तर कार्यक्रमाची बदनामी!
पुढं काही वर्षांनी तसल्याच सूचना वरून छापून आल्या. ताईंचं नाव कुठंच नव्हतं.

आज नगरला स्मशानात एक रिटायर्ड अधिकारी भाषण करत होते. "बाईंनी विक्रमी शस्त्रक्रिया केल्या, टार्गेट कधी चुकवलं नाही..."
माझं डोकं फिरलं. पण माझ्या आधी आई उठली. ऐंशीच्या पुढची माझी आई, माझा हात धरून.

"ओ सायेब, गप ऱ्हावा. लई आले आन मोजून गेले. ही एकटी बाई माघारी आली, आन मला इचारलं, बाई, तू कशी हायेस?"

आईनं पुढं होऊन ताईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

वत्सलाताई, या तुमच्या लेकीचा शेवटचा नमस्कार.