टेकलं पायजे

पेंटरनं कधी विमान उतरवलं नाही. कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमध्ये तो अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या धावपट्टीवरून उडायचा आणि हवं ते ठिकाण खाली आलं की विमान तसंच हवेत थांबवायचा. मग विमान विसरून खालची एखादी पाण्याची टाकी थोडी डावीकडे सरकवत बसायचा. टाकी जागेवर बसली की कॉम्प्युटर बंद. एकदा मी विचारलं, "पेंटर, विमानातल्या लोकांचं काय?"

"त्याहीले काय धाड भरली?" तो म्हणाला. "वरतं हायेत ते. खालच्याचं पाहा."

अमरावतीत बस स्टँडमागच्या गल्लीत त्याचं दुकान आणि दुकानामागेच घर होतं. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. आमच्या वर्तमानपत्राच्या कार्यालयावरची पाटीही त्याच्याच हातची. फ्लेक्स आलं आणि त्याचे ब्रश डब्यात कडक होऊन गेले. डिझाइन शिकायचं म्हणून त्यानं जुना कॉम्प्युटर घेतला. त्यात आधीच्या मालकानं हा विमानाचा खेळ ठेवून दिलेला होता. पेंटरनं पहिलं उड्डाण केलं तेव्हा खाली धावपट्टी होती आणि बाकी सगळीकडे पिवळट मातीचं चित्र. त्यावर जगभर पेरलेली तीच ती झाडं, तीच घरं. "साल्याहीनं आपल्याले मोजलंच नाई," असं त्यानं मला सांगितलं, आणि तेव्हापासून तो वऱ्हाड भरत बसला.

त्यासाठी वेगळा छोटा प्रोग्राम असतो, तो त्यानं मिळवला. खऱ्या इमारतीचे फोटो काढायचे, ते कॉम्प्युटरवरच्या खोक्याला चारी बाजूंनी चिकटवायचे, मग जागा, दिशा, आकार आणि उंची ठरवून नकाशावर ठेवायचं. तो अडायचा उंचीवर. ती थोडी जास्त झाली की घर हवेत तरंगतं, कमी झाली की दारासकट जमिनीत जातं. सावली पायाशी येऊन मिळाली की काम झालं. "टेकलं पायजे," हे त्याचं पालुपद होतं. त्याची बायको, आमच्या वहिनी, चहा ठेवताना म्हणायच्या, "घरचे पत्रे गयून राहिले, अन् हे कॉम्प्युटरातल्या टाकीले रंग देऊन राहिले." पेंटर मान वर न करता म्हणायचा, "माही टाकी गयत नाई, पाह्य."

त्या वर्षांत माझं काम गावोगाव जाऊन मृत्यूच्या बातम्या आणण्याचं होतं. परतताना मी त्याच्या दुकानात टेकायचो. तो बाकी काही विचारायचा नाही. "आज कोनतं गाव?" एवढंच. मी नाव सांगायचो. पुढच्या खेपेला नांदगाव खंडेश्वरकडच्या त्या गावात एक शाळा उभी असायची, किंवा पारासकट एक वड.

पेंटरच्या वडिलांची शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग होती. बाबांनी ती स्वतः लावली होती. त्यांना लकवा झाला, उजवी बाजू गेली, तेव्हा पेंटर त्यांना अमरावतीला घेऊन आला. तिकडे बागेतल्या विहिरीनं तळ गाठला, मग बोअरही कोरडी पडली. लागोपाठ दोन उन्हाळ्यांत झाडं उभी वाळली. पेंटर मजूर घेऊन गेला आणि बाग तोडून आला. बाबांना धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबा रोज सकाळी विचारायचे, "बाग कशी हाय?" पेंटर सांगायचा, "बरी हाय."

एक दिवस बाबा म्हणाले, "मले नेऊन दाखव." त्यांना नेता येण्यासारखं नव्हतं, आणि दाखवण्यासारखंही. पेंटरकडे बागेचे जुने फोटो होते. त्यातून त्यानं झाडं कापून घेतली आणि सिम्युलेटरमध्ये ओळीनं उभी केली. मधे विहीर बांधली. मग बाबांची खाट कॉम्प्युटरसमोर ओढली, विमान सातपुड्याच्या कडेनं आणलं आणि बागेवर थांबवलं. बाबांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "सगळे झाडं सारखेच कसे बे? एकाच मायचे हायेत का?"

पेंटर खूश झाला. त्यानं झाडं लहानमोठी केली, काही वळवली. बाबा रोज नवी चूक काढायचे. धुऱ्याकडची, म्हणजे बांधालगतची ओळ तिरपी हवी. विहिरीजवळचं झाड कधीच मेलं होतं, ते काढ. पेंटर ऐकायचा आणि दुरुस्त करायचा. मला म्हणाला, "पत्रकार साहेब, बाबा सुधरून राहिले. आता कायले सांगा?"

थंडीतल्या एका रविवारी सकाळी मी तिथं होतो. मागच्या अंगणात बाबांच्या आंघोळीचं पाणी तापत होतं आणि बंबाचा धूर दुकानात येत होता. पेंटर एका झाडाची उंची लावत होता. बाबा म्हणाले, "रायू दे आता. काढ ते झाडं."

"कोनतं, बाबा?"

"सगळे."

पेंटरनं माझ्याकडे पाहिलं. बाबा डाव्या हातानं अंगणाकडे दाखवत म्हणाले, "दरसाली सल काढून मीच जाळत होतो ना बे. संत्र्याचा धूर मले समजत नाई का? दिवाळीपासून माह्याच झाडाच्या पाण्यानं आंग धुवून राहिलो मी."

सल म्हणजे झाडावरच्या वाळलेल्या काड्या. बाग तोडली तेव्हा सगळं लाकूड व्यापाऱ्याच्या गाडीत घालणं पेंटरच्या जिवावर आलं होतं. थोडं त्यानं घरी आणलं होतं. वहिनी दारात उभ्या होत्या. बंबात घालायचं ढलपं त्यांच्या हातातच राहिलं.

"मंग इतके दिवस चुका काहून काढत होते?" पेंटरनं विचारलं.

"तू लावून राहिला होता म्हून."

मग बाबांनी सांगितलं तशी पेंटरनं बाग काढली. त्यांनी ज्या क्रमानं लावली होती त्याच क्रमानं, आधी धुऱ्याची ओळ, मग विहिरीकडच्या. एकेक झाड निवडायचं आणि बटण दाबायचं. झाडाखालून खेळाच्या कंपनीची तीच पिवळट माती निघत गेली, जणू तिथं कधी काही नव्हतंच. शेवटी पेंटर विहिरीवर आला. बाबा म्हणाले, "इहीर रायू दे."

पाणी गार झालं होतं. वहिनींनी ते पुन्हा तापवलं, या खेपेला गॅसवर.

बाबा त्याच उन्हाळ्यात गेले. पेंटरनं दुकान बंद केलं आणि अकोल्याला एका फ्लेक्सच्या दुकानात नोकरी धरली. जाताना त्यानं सगळं वऱ्हाड एका सीडीत भरून मला दिलं. मी अकोल्याला गेलो की त्याला भेटायचो. त्याच्याकडे वाढदिवसाचे बोर्ड यायचे, त्याहून जास्त श्रद्धांजलीचे. एकदा एका तरुण माणसाचा फोटो बोर्डावर बसवता बसवता तो म्हणाला, "लोक फोटो देतेत तो छातीलोक. पाय कोनी देतच नाई. टेकवू कुठं?"

काही वर्षांनी त्याच दुकानात पेंटरच्याच श्रद्धांजलीचा बोर्ड छापला गेला. फोटो छातीपर्यंतचाच होता.

अलीकडे मी सिम्युलेटरची नवी आवृत्ती घेतली. तिच्यात पिवळट माती नाही, उपग्रहातून घेतलेलं खरं चित्र आहे. पेंटरची जुनी विहीर मी तिच्यात चढवली, बेलोऱ्याहून उडालो आणि शेंदूरजनाघाटावर आलो. खालच्या चित्रात एक उघडं शेत होतं आणि त्यात खऱ्या विहिरीचा काळा गोल. पेंटरची विहीर बरोबर त्या गोलावर आली होती, पण पुरुषभर उंचीवर, हवेत. नव्या आवृत्तीत जमिनीची उंची बदलली होती. जागा चुकली नव्हती.

मी उंची कमी करत गेलो. सावली विहिरीच्या पायाशी येऊन मिळाली तेव्हा थांबलो, आणि विमान तसंच हवेत ठेवून कॉम्प्युटर बंद केला.