कडू कवठाचं तेल

राहीबाईच्या हातांना कडू कवठाचा वास कायमचा लागलेला होता. सावित्री नदीच्या काठची ती झाडं. फळं पिकली की ती बिया फोडायची, वाळवून कुटायची आणि पाण्यात उकळून वर आलेलं तेल पळीनं काढून घ्यायची. थंडीत ते तुपासारखं थिजायचं. खरजेला, गुरांच्या जखमांना पार पोलादपूरपासून माणसं तिच्याकडून तेल न्यायची. महारोगालाही न्यायची, पण ते कुणी मोठ्यानं बोलत नसे.

महाडच्या डॉक्टरांनी तिला एकदा समजावलं होतं. "बाई, प्रत्येक तेलात आम्लं असतात. पण यातलं आम्ल खोबरेलात नाही, शेंगतेलात नाही. ते त्या रोगाच्या जंतूची वाढ अडवतं. फक्त, पोटात घेतलं तर ओकाऱ्या होतात आणि टोचून घेतलं तर गळवं येतात." राहीबाईला नवल वाटलं नाही. या फळांचा कुटा ओढ्यात टाकला की मासे उलटे होऊन वर येतात, तिथं जंतूची काय कथा?

महिपतराव म्हणजे गावचे सर्वांत मोठे शेतकरी. आठ वर्षं, दर सोमवारी, राहीबाई त्यांच्या मागल्या दारी बाटली पोचवत होती. त्यांची बायको आनंदीबाई ती पदराआड घेऊन आत जाई. आजारी कोण, ते बाहेर फक्त राहीबाईला माहीत होतं.

छप्पन्न साली राहीबाईच्या मुलीला, रंगूला, बिरवाडीचं स्थळ आलं. मुलाचा बाप गोमाजी घर बघायला आला आणि चुलीवरचं तेलाचं पातेलं बघून उंबऱ्यातूनच फिरला. देवळात त्यानं चौकशी केली, तेव्हा महिपतराव म्हणाले, "घरात ते तेल म्हंजे घरात तो रोग. पोरगी करू नका."

ते रात्रीच राहीबाईच्या कानावर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रंगूला घेऊन थेट महिपतरावांच्या ओटीवर चढली. मुक्कामाला राहिलेला गोमाजी तिथंच चहा पीत होता, गावातले चारपाच जणही होते.

"मागल्या दारानं ये गो," आनंदीबाई घाईघाईनं म्हणाली.

"आठ वर्सं मागल्या दारानंच आले. आज हितनं."

राहीबाईनं सुई काढली. "डॉक्टर असंच बगतात. रोगाच्या चट्ट्यावर सुई कळत नाय." स्वतःच्या दंडाला टोचली, मनगटाला टोचली, मग रंगूच्या हाताला. रंगू किंचाळली.

"कळली ना? गोमाजी, रगत बगा. आता महिपतराव, तुमी. डावा हात."

महिपतरावांचा डावा हात उपरण्याखाली गेला. "येडी झालीस काय? चालती हो!"

"होते चालती. हात तेवडा द्या."

"द्या की राव," कुणीतरी हसलं, "सुईला काय भ्यायचं?"

"नका टोचू त्यांना," दारातून आनंदीबाईचा आवाज फाटला. "त्यांना कळनार नाय!"

हसणारा महिपतरावांपासून लांब सरकला.

"रोगाचा मला राग नाय," राहीबाई म्हणाली. "रोग काय कुनी मागून आनतं? तो माज्या पोरीच्या माथी मारलात, त्याचा राग हाय. महाडला आता गोळ्या मिळतात, माज्या तेलाहून बऱ्या. एष्टी हाय. जावा."

गोमाजी खाकरला. "आमचा गैरसमज झाला. पोरगी पसंत हाय, लगीन करू."

रंगू हात चोळत उभी होती. "काका, लग्नानंतर माज्या अंगावर चट्टा उठला तर?"

"तेव्हा बगू की, पोरी."

"तेव्हा बगायला मी तुमच्या घरात असन का?"

गोमाजीनं कपबशी खाली ठेवली.

राहीबाईनं या स्थळापायी दोन वर्षं पायपीट केली होती. क्षणभर तिला वाटलं, कार्टीच्या थोबाडीत द्यावी. मग ती गोमाजीकडं वळली.

"पोरीनं इचारलंय. उत्तर द्या, नायतर उठा."

गोमाजी उठला.