मामाच्या भांड्यातलं सांता फे

मामीचा फोन आला तेव्हा मी जासईला एका कंटेनर यार्डाच्या गेटसमोर कामगार संघटनेची पत्रकं वाटत होते. रविवारची सकाळ. पाळी सुटलेली माणसं कागद हातात घेत होती आणि चार पावलांवर टाकत होती. "तुझे मामा गेले गो," मामी म्हणाली. "खुर्चीत बसल्या बसल्या." मी विचारलं, "किती वाजता?" जणू मला निवेदन लिहायचं होतं. उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली आणि रिक्षा शोधायला लागले. मामाच्या बोनकोड्याच्या त्या दोन खोल्यांत मी सात महिने पाऊल ठेवलं नव्हतं. मामा गेल्याला आज महिना होऊन गेला. हा लेख त्या सात महिन्यांबद्दल आहे. मामा किती प्रेमळ होता, ते शोकसभेत सगळ्यांनी सांगून झालंय.

माझ्या आईचा हा थोरला भाऊ रत्नागिरीकडच्या आमच्या बौद्धवाडीतून निघून खलाशी झाला. बोट सोडल्यावर निवृत्त होईपर्यंत न्हावा शेवा बंदरात कारकुनी केली. मूलबाळ नाही. मी शाळेत असल्यापासून दर रविवारी अकरा वाजता त्याच्याकडे जायचे, कारण तो सांता फे सांगायचा. दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिनात, पाराना नदीच्या काठावरची ही एका प्रांताची राजधानी. तिथे याची बोट पोचली, माल उतरला आणि मालकाने हात वर केले. पगार नाही, परतीचं तिकीट नाही, डिझेल नाही. अकरा महिने ही माणसं त्या धक्क्यावर अडकून होती. मला यात मालकाचा गुन्हा दिसायचा. मामाला शहर दिसायचं.

"पहिल्या दिवशी दुपारी गावात गेलो तर सगळी शटरं खाली," तो सांगायचा. "रस्त्यावर कुत्रं नाय. मला वाटलं, बंद पुकारलाय. तुझ्यासारखी कोनतरी बाय असनार तिथं पन." मग कळलं की ते शहर दुपारी जेवून चक्क झोपतं आणि उन्हं कलली की पुन्हा उघडतं. ते मुळात दुसऱ्याच जागी वसलं होतं, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. शेकडो वर्षांपूर्वी नदी काठ खात सुटली, तेव्हा लोकांनी अख्खं शहर उचलून खाली दूरवर नेलं. चौक तसाच, रस्ते तसेच, ज्याचा शेजारी जो होता तोच. हे ऐकून मी चिडायचे. इथे बंदरासाठी गावं हलवली तेव्हा शेजारी कोण हवा, हे कुणी विचारलं होतं? मामा हसायचा. म्हणायचा, "तू आधी ऐक. भांड नंतर." नदीतून जलपर्णीची बेटंच्या बेटं वाहत यायची, पुरात त्यांच्यावर बसून सापही. जिला आपण इथे तळ्यातून उपसून शिव्या घालतो, तिचं माहेर तिथलं. तो तिथे पोचला त्याच्या तीन-चार वर्षं आधी मोठा पूर आला होता. अर्धवट सोडलेल्या बांधातून पाणी शहरात शिरलं, माणसं मेली. त्यांच्यासाठी लोक चौकात पांढरे क्रूस रोवून दरवर्षी जमतात. मामाही एकदा जाऊन उभा राहिला होता. मी थकून यायचे तेव्हा तो हेच काढायचा. "ती मानसं अजून जमतात गो. आनि तू तीन महिन्यांत दमलीस?"

हो, मामा. दमले.

पण खरी गोष्ट भांड्याची. धक्क्याजवळ मासे विकणाऱ्या नोर्मा नावाच्या बाईने या उपाशी खलाशांना एका रविवारी घरी नेलं. तिथे माते नावाचं पेय पितात. दुधी भोपळ्याच्या जातीचं एक मूठभर पोकळ भांडं, त्यात कडू पत्ती आणि धातूची एक नळी. गरम पाणी ओतणारा माणूस पहिला घोट स्वतः घेतो, कारण तो सगळ्यात कडू. मग पुन्हा पाणी घालून पुढच्याला देतो. तेच भांडं, तीच नळी, सगळ्यांची तोंडं. मामाच्या हातात ते आलं. तो प्यायला. आणि उठून अंगणातल्या नळावर गेला, पत्तीसकट सगळं ओतून भांडं खळखळून धुतलं आणि भिंतीशी उपडं ठेवलं. चांगली लागलेली पत्ती या परक्या माणसाने फेकून का दिली, ते कुणालाच कळेना.

मला मात्र त्याने ते सांगितलं. एकदाच. त्याच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप बाहेर वळचणीला खोचलेले असायचे, कान तुटलेले. आपला कप आपण काढायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, प्यायचा, धुवायचा, परत उपडा ठेवायचा. "डोक्यात काय नव्हतं गो," मामा म्हणाला. "हातच उठले." नोर्माने नवी पत्ती भरली, पहिला कडू घोट स्वतः घेतला आणि भांडं पुन्हा त्याच्याच हातात दिलं. निघताना तेच भांडं त्याच्या पिशवीत घातलं. त्यानंतर आयुष्यभर, ओळखीच्या खलाशांकरवी पत्ती मागवून, मामाने ते दर रविवारी भरलं. कधी धुवायचं असलं तर सगळे गेल्यावर, गुपचूप.

आणि मी काय केलं? एका यार्डाच्या कँटीनमध्ये कंत्राटी कामगारांचे ग्लास वेगळे ठेवतात, हे कळल्यावर रागाने एकाच बैठकीत पत्रक लिहिलं. वर जाड अक्षरांत मथळा. खाली मामाच्या कपाची गोष्ट. नाव घातलं नाही, पण गाव घातलं, बोट घातली, सांता फे घातलं. पत्रक मामाच्या बिल्डिंगमध्ये पोचलं. पुढच्या रविवारी मामाने मला भांडं दिलं आणि मी पिऊन होईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "माझा कप कोनाला विचारून बाहेर काढलास?"

"मामा, ही गोष्ट तुझ्या एकट्याची नाहीये."

"नसंल. लाज माझी एकट्याची हाय. खालच्या मजल्यावरचे लोक आता मला बोलावून चहा पाजतायत. मुद्दाम. चांगल्या कपात."

"मग प्यायचा! लाज त्यांनी बाळगायची, तू कशाला?"

"तू भाषन करू नको माझ्या घरात."

मी उठले. मोरीत गेले, भांड्यातली पत्ती ओतून दिली, भांडं नळाखाली खळखळून धुतलं आणि आणून त्याच्यासमोर उपडं ठेवलं. "घे. माझं मीच धुतलं." काय करतेय, ते मला पूर्ण माहीत होतं. त्याला नकळत घडलेलं मी कळून केलं. मामी दारात उभी होती. मामा भांड्याकडे बघत राहिला. मी चपला घातल्या.

कँटीनचे ग्लास पुढे एक झाले. कळवायला मी गेले नाही. माफी मागायला तर नाहीच. आधी राग होता, मग काम, मग नुसतं ओशाळलेपण... चौकटीत 'जाहीर निषेध' लिहायला मला दहा मिनिटं लागतात. चार शब्द सात महिन्यांत सुचले नाहीत.

गेल्या रविवारी अकरा वाजता मी मामीकडे गेले. खिडकीतल्या फळीवर भांडं होतं. सरळ. आत कोरडी पत्ती एका बाजूला उतरती लावलेली, नळी खोचलेली. पाणी पडलेलंच नव्हतं.

"गेले त्या दिवशी सकाळी भरलंय त्यांनी," मामी म्हणाली. "मी हात लावला नाय."

"माझी वाट बघायचा?"

"ते दर रविवारी भरायचे. अकरा वाजून जाईस्तोवर पानी घालायचे नायत. काही बोलायचे पन नायत. आता तुझ्यासाठी थांबायचे की कसं, ते मी कशी सांगू? मला खोटं बोलता येत नाय."

मी पाणी गरम केलं. ओतलं. पहिला घोट ओतणाऱ्याचा, म्हणून मी घेतला. पत्ती जुनी झाली होती, भयंकर कडू लागली. पुन्हा पाणी घालून भांडं मामीपुढे धरलं. सगळ्या संसारात तिने ते कधी तोंडाला लावलं नव्हतं. "काढाच हाय हा," म्हणत तिने तोंड वाकडं केलं, पण संपवलं. मग पदराचं टोक धरून ती नळी पुसायला लागली.

"पुसू नको, मामी," मी म्हटलं. "तशीच दे."